सुजेवर एन्झाइमची गोळी: आधी पट्टी वाचा, मग वेळ ठरवा

पाय मुरगळला, अक्कलदाढ काढली, गुडघा भरून आला की इंदुरात मेडिकलच्या काउंटरवर एकच मागणी होते: "सुजेची गोळी द्या." अडचण इथूनच सुरू होते, कारण या एका नावाखाली तीन निराळ्या वस्तू मिळतात. एक जेवणाआधी घ्यायची असते. दुसरी जेवणानंतरच घ्यायची, नाहीतर जठर सोलून निघते. तिसरीचा सुजेशी काही संबंधच नसतो. घरात तिन्ही एकाच डब्यात पडतात आणि घ्यायची वेळ शेजारणीच्या अनुभवावरून ठरते. मग गुण आला नाही की गोळीला दोष दिला जातो. पोटात आग पडली की "एन्झाइम गरम पडले" असे म्हणून विषय संपतो.

पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. पहिल्या दोन गाळून थेट खरेदीला जाणाऱ्यांनाच बहुतेक त्रास होतो.

१. ही सूज गोळीने उतरणारी आहे का?

सुजेच्या गोळ्यांतली एन्झाइम म्हणजे प्रथिनांचे तुकडे करणारी प्रथिने. मार लागल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर त्या जागी द्रव आणि फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे धाग्यांसारखे प्रथिन) साचते. ते मोडून निचरा लवकर व्हावा, ही या गोळ्यांकडून अपेक्षा असते. म्हणून मुकामार, घोट्याची लचक, दाढ काढल्यानंतरची गालाची सूज आणि शस्त्रक्रियेनंतरचा काळेनिळेपणा इथे त्यांना जागा आहे. झिजलेल्या गुडघ्यासाठी ब्रोमेलेन, ट्रिप्सिन ही एन्झाइम आणि रुटोसाइड हे वनस्पतिजन्य द्रव्य यांची एकत्र गोळी डॉक्टर काही आठवडे देऊन पाहतात.

कंबरेतून पायात विजेसारखी उतरणारी कळ नस दबल्याने येते, तिथे ही गोळी उपयोगी नाही. युरिक ॲसिडने सुजलेला अंगठा आणि संधिवाताचे सुजलेले सांधे यांचे उपचारही वेगळे आहेत. त्यांना एन्झाइमवर ठेवले तर आठवडे वाया जातात आणि तोवर सांधा खराब होत राहतो.

> इथे गोळी नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा: एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखणे. सांधा लाल, गरम आणि सोबत ताप. मार लागल्यावर चार पावलेही टाकता न येणे. दाताच्या सुजेमुळे तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होणे. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटणे. पायाच्या सुजेसोबत छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर १०८ ला फोन करा.

पावसाळा आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने आणखी एक गोष्ट सांभाळा. ताप आहे, अंग मोडून आले आहे, डोळ्यांमागे दुखते आहे, अशा वेळी डेंग्यू नाही हे कळेपर्यंत सुजेची कोणतीही गोळी घेऊ नका. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, त्यात या गोळ्या आणि डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या रक्तस्रावाचा धोका वाढवतात. तोवर फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात.

२. तुम्हाला चालेल का?

"नैसर्गिक आहे, नुकसान काय होणार" हे वाक्य सर्वात जास्त नुकसान करते. या गोळ्या रक्त गोठण्याच्या क्रियेत हात घालतात. घरातल्या माणसाच्या चालू औषधांची यादी कागदावर लिहा आणि पुढील गोष्टींशी ताडून पाहा.

- रक्त पातळ ठेवणारी औषधे: वॉरफेरिन, असेनोकुमॅरॉल, ॲपिक्सॅबॅन, क्लोपिडोग्रेल, रोजची ॲस्पिरिन. यापैकी एकही चालू असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एन्झाइम सुरू करायचे नाही. स्टेंट बसवलेल्या माणसाने "गुडघ्याची साधी गोळी" म्हणून हे परस्पर घेणे फार धोक्याचे आहे.
- ठरलेली शस्त्रक्रिया, अगदी मोतीबिंदूची किंवा दाढ काढण्याचीसुद्धा: आधीचे दोन आठवडे एन्झाइम बंद. नंतर केव्हा सुरू करायचे ते शस्त्रक्रिया करणाऱ्यांनीच सांगायचे.
- अननस, पपई किंवा रबराच्या चिकाची ॲलर्जी. रबरी हातमोज्यांनी हाताला खाज सुटणाऱ्यांनी ब्रोमेलेन (अननसाचे एन्झाइम) आणि पपेन (पपईचे) दोन्ही टाळावे.
- जठराचा व्रण, रक्तस्रावाचा आजार, यकृत किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार.
- गर्भारपण आणि अंगावर पाजण्याचा काळ.
- ॲमॉक्सिसिलिन किंवा टेट्रासायक्लिन गटाचे प्रतिजैविक. ब्रोमेलेनमुळे त्यांचे शरीरातले प्रमाण वाढू शकते. दाढ काढल्यानंतर हे दोन्ही बऱ्याचदा एकाच वेळी हातात असतात, म्हणून दंतवैद्यांना दोन्ही पट्ट्या दाखवा.

> तपासणी: आई-वडिलांच्या वतीने तुम्ही यादी करत असाल तर त्यांना "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" एवढेच विचारून थांबू नका. "हृदयाची एक छोटी गोळी" असे उत्तर येते. डबा उघडा आणि नाव वाचा.

३. पट्टी उलटी करून घटक वाचा

पुढच्या बाजूचे ठळक नाव काही सांगत नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात "प्रत्येक गोळीत" असे लिहून घटक दिलेले असतात. चष्मा लावा किंवा मोबाईलने फोटो काढून मोठा करा. तुमची गोळी खालीलपैकी कोणत्या गटात बसते ते पक्के होईपर्यंत पुढे जाऊ नका.

निव्वळ एन्झाइम. फक्त ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन, फक्त सेराशिओपेप्टिडेज, फक्त ब्रोमेलेन, किंवा ब्रोमेलेन ९० मिलिग्रॅम, ट्रिप्सिन ४८ मिलिग्रॅम आणि रुटोसाइड १०० मिलिग्रॅम अशी जोडगोळी. या सगळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या. पोटात अन्न असेल तर एन्झाइम तेच पचवत बसते आणि सुजेपर्यंत पोचायला काही उरत नाही.

एन्झाइम अधिक वेदनाशामक. ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आणि सेराशिओपेप्टिडेज १५ मिलिग्रॅम हा यातला नेहमीचा प्रकार. डायक्लोफेनॅकबरोबरही येते. ही जेवणानंतरच घ्यायची. लोक तिलाही "एन्झाइमचीच गोळी" म्हणतात आणि सकाळी अनशापोटी घेतात. पोटात जळजळ, काळी शी, व्रणातून रक्तस्राव हे त्यातून घडते. या सगळ्या विषयातली सर्वात महाग चूक हीच, म्हणून इथे घाई करू नका. शिवाय दमा, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार किंवा पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी ही गोळी स्वतःहून घ्यायचीच नाही.

पचनाचे एन्झाइम. डायास्टेज, पेप्सिन, पॅन्क्रिएटिन. ही गोळी किंवा पातळ औषध जेवण जड झाले तर घेतात. नावात एन्झाइम आहे म्हणून घोट्याच्या सुजेवर दोन-दोन चमचे घेणारी माणसे खरोखर आहेत. सुजेवर त्याचा शून्य उपयोग.

हळद किंवा कर्क्युमिनच्या कॅप्सूल एन्झाइम नव्हेत. त्याही रक्त गोठणे थोडे मंदावू शकतात, म्हणून एन्झाइमवर त्यांची भर घालू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या सगळ्यांच्या मागचा पुरावा सारखा नाही. सेराशिओपेप्टिडेज जिथून जगभर पसरले त्या जपानमध्ये नंतरच्या चाचण्यांत नकली गोळीपेक्षा ते सरस ठरले नाही, आणि २०११ मध्ये तिथल्या कंपनीने ते बाजारातून काढून घेतले. आपल्याकडे ते अजून भरपूर लिहिले जाते. ब्रोमेलेनचा दाढ काढल्यानंतरच्या सुजेवर बेताचा फायदा काही चाचण्यांत दिसला आहे. बेताचा, म्हणजे दोन दिवसांत चमत्कार नव्हे.

४. विकत घेताना

ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन आणि वेदनाशामक जोडगोळ्या ही औषधे आहेत. चिठ्ठी लागते, ती घेऊनच जा. ब्रोमेलेनच्या बाटल्या मात्र बहुतेक वेळा आहारपूरक म्हणून विकल्या जातात. त्यांच्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) १४ अंकी परवाना क्रमांक असायला हवा. तो नसेल तर बाटली परत ठेवा.

*ताकद कशी मोजायची.* एन्झाइमचे वजन फसवे असते, खरा आकडा त्याच्या क्रियाशीलतेचा.

- ब्रोमेलेनवर "जीडीयू प्रति ग्रॅम" शोधा; जीडीयू हे क्रियाशीलता मोजायचे एकक. ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल २४०० जीडीयू प्रति ग्रॅमची असेल तर एका कॅप्सूलमध्ये १२०० जीडीयू. तेच वजन पण १००० जीडीयू प्रति ग्रॅम असेल तर फक्त ५००. काही बाटल्यांवर एमसीयू हे दुसरे एकक असते. १ जीडीयू म्हणजे साधारण १.५ एमसीयू. म्हणून एमसीयूचा आकडा मोठा दिसला तरी माल जास्त असेलच असे नाही. आकडा मुळीच दिला नसेल तर ती बाटली घेऊ नका.
- सेराशिओपेप्टिडेजचे १० मिलिग्रॅम म्हणजे २०,००० युनिट. ऑनलाइन मिळणाऱ्या १,२०,००० युनिटच्या कॅप्सूल म्हणजे ६० मिलिग्रॅम! आपल्याकडच्या १० मिलिग्रॅमच्या गोळीच्या सहापट. "जास्त युनिट, जास्त गुण" असे समजून त्या मागवू नका.
- ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिनच्या नेहमीच्या गोळीवर १,००,००० युनिट लिहिलेले असते.

*शाकाहाराचा प्रश्न.* इंदुरात हा प्रश्न दर दुसऱ्या घरात येतो आणि त्याचे सरळ उत्तर कुणी देत नाही. ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन जनावरांच्या स्वादुपिंडातून काढतात. ब्रोमेलेन अननसाच्या बुंध्यातून, पपेन कच्च्या पपईच्या चिकातून. सेराशिओपेप्टिडेज जिवाणूंपासून तयार करतात. तो जिवाणू मुळात रेशमाच्या किड्याच्या आतड्यात सापडला होता. म्हणजे "अननसाची गोळी" म्हणून दिलेल्या जोडगोळीतही ट्रिप्सिन असते. त्यातून कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असेल तर तेही प्राणिजन्य. आहारपूरकाच्या बाटलीवर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण पाहा. औषधाच्या पट्टीवर ती खूण असेलच असे नाही, तिथे घटकच वाचावे लागतात. पथ्य कडक असेल तर डॉक्टरांना चिठ्ठी लिहितानाच सांगा. घरी आल्यावर कळून अर्ध्यात गोळी सोडण्यापेक्षा ते बरे.

*कापलेली पट्टी.* चार-सहा गोळ्या कापून घेतल्या की नाव आणि मुदत बहुधा दुकानातल्या तुकड्यावर राहते. दवा बाजारातून घ्या की गल्लीतल्या मेडिकलमधून, पूर्ण पट्टी घ्या. नाहीतर कापण्यापूर्वी पाठचा फोटो घ्या, आणि बिल मागा.

> तपासणी: गोळीचे आवरण तडकलेले, चिकट झालेले किंवा डाग पडलेले असेल तर ती बदलून घ्या. ते आवरण शोभेचे नाही, का ते सहाव्या पायरीत येते.

५. पहिली गोळी घेण्याआधी माप घ्या

ही पायरी दोन मिनिटांची आहे आणि जवळजवळ सगळे ती गाळतात. माप नसेल तर आठ दिवसांनी "थोडे बरे वाटते" एवढेच हाती राहते, आणि त्या भरवशावर महिनाभर गोळ्या चालू राहतात.

शिवणकामाचा टेप घ्या. घोट्यासाठी हाडाच्या उंचवट्याच्या किंचित वर, गुडघ्यासाठी वाटीच्या बरोबर मधून. तिथे पेनाने खूण करा म्हणजे पुढच्या वेळी जागा चुकणार नाही. सकाळी उठल्या-उठल्या मोजा, कारण दिवसभर उभे राहिल्यावर सूज वाढलेली असते. दुसऱ्या पायाचेही माप घ्या, तुलनेला लागते. दुखणे शून्य ते दहा असे लिहा. सोबत रोजचे एक काम निवडा: जिना उतरणे, देवघरासमोर मांडी घालणे, दाढेच्या बाबतीत तोंडात किती बोटे उभी मावतात. तारीख टाका.

६. वेळ बसवा

निव्वळ एन्झाइमसाठी नियम असा: खाण्याच्या ३० ते ४५ मिनिटे आधी, किंवा खाल्ल्यावर किमान २ तासांनी. "खाणे" यात चहा-बिस्कीट येते आणि संध्याकाळची मूठभर शेवही येते. आपल्या शहरात हा नियम मोडतो तो इथेच, जेवणात नव्हे.

दिवसातून तीनदा सांगितली असेल तर साधी बसवणी अशी:

- सकाळी ६:३० गोळी आणि साधे पाणी. ७:१५ नंतर चहा आणि पोहे-जिलेबी.
- दुपारी १२:१५ गोळी, १ वाजता जेवण. अकरा वाजता ऑफिसात कचोरी झाली असेल तर गोळी १ वाजता आणि जेवण पावणेदोनला.
- रात्री ७:४५ गोळी, ८:३० ला जेवण. रात्री सराफ्यात खायला जायचे असेल तर परतल्यावर गोळी नको, ती जाण्याआधी होऊन गेलेली असावी.

*थायरॉइडची गोळी* सकाळी अनशापोटी एकटीच घ्यायची असते. तिच्या जोडीला एन्झाइम ढकलू नका. सकाळचे एन्झाइम नाश्त्यानंतर दोन-अडीच तासांवर न्या.

*साखरेची गोळी किंवा इन्सुलिन* असेल तर क्रम चुकवू नका: आधी एन्झाइम, अर्ध्या तासाने साखरेचे औषध आणि लगेच जेवण. उलटे केले, म्हणजे इन्सुलिन टोचून मग एन्झाइमसाठी अर्धा तास उपाशी बसले, तर साखर उतरून चक्कर येते.

*ॲसिडिटीचे पातळ औषध.* या गोळ्यांचे आवरण जठरातल्या आम्लात टिकावे आणि आतड्यात गेल्यावर विरघळावे, असे बनवलेले असते. ॲसिडिटीचे औषध घेतले की जठरातले आम्ल उतरते, आवरण तिथेच सुटते आणि एन्झाइम आतड्यापर्यंत पोचण्याआधीच नासते. दोन्हींत २ तासांचे अंतर ठेवा. याच कारणाने गोळी दुधाबरोबर नको, तोडायची नाही, चावायची नाही, कुटून मधात कालवायची नाही. गिळता येत नसेल तर डॉक्टरांकडून दुसरा प्रकार घ्या.

वेदनाशामक जोडगोळीची वेळ वेगळी: पोटभर जेवणानंतर लगेच, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. ॲसिक्लोफेनॅक दिवसात २०० मिलिग्रॅमच्या वर नाही, म्हणजे १०० ची गोळी दोनदा, १२ तासांच्या अंतराने. तिच्यावर डोकेदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा दुसरी दुखण्याची गोळी घेऊ नका. पॅरासिटामॉल तिच्यात आधीच आहे, तेही मोजणीत धरा. उपवासाच्या दिवशी, साबुदाण्याची खिचडीसुद्धा खाणार नसाल, तर ही गोळी टाळून डॉक्टरांना विचारा.

> तपासणी: वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा आणि पट्टीवरच पेनाने "जेवणाआधी" किंवा "जेवणानंतर" लिहा. घरात दोघे जण गोळ्या घेत असतील तर नावही.

चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून भरायची नाही.

७. गोळ्या ठेवायच्या कुठे

एन्झाइम उष्णतेने आणि दमटपणाने मरते. मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना गाडीच्या डिकीत राहिलेली पट्टी वापरू नका. गॅसच्या वरचा कप्पा आणि न्हाणीघर, दोन्ही जागा चुकीच्या. आतल्या खोलीतले बंद कपाट बरे. पट्टीतून सगळ्या गोळ्या आधीच काढून डबीत भरू नका, पावसाळ्यात त्या दोन दिवसांत ओल धरतात. लेबलवर २५ अंशांखाली ठेवायला सांगितले असेल तर उन्हाळ्यात हवाबंद डब्यात घालून फ्रिजच्या दारात; गोळी काढली की डबा लगेच बंद करायचा.

अननस खाऊन भागेल का, हे नेहमी विचारले जाते. नाही. ब्रोमेलेन मुख्यतः बुंध्यात असते, आपण खातो त्या गरात थोडेच. डब्यातला रस तापवलेला असतो, त्यात ते उरतच नाही. अननस आवडीने खा, औषध म्हणून नको.

८. किती दिवस, आणि थांबायचे केव्हा

लचक, मुकामार आणि दाढ यांना ५ ते ७ दिवस पुरतात. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पाचव्या पायरीतले माप पुन्हा घ्या. सातव्या दिवशी टेप जागचा हलला नसेल तर गोळी वाढवायची नाही, डॉक्टरांना पाय दाखवायचा. आत हाड तडकलेले किंवा स्नायुबंध फाटलेला असू शकतो. लचकेत पाय उंच ठेवणे, पहिले दोन दिवस दर २-३ तासांनी कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटे लावणे आणि पट्टा बांधणे हे गोळीपेक्षा जास्त काम करते. ते सोडून नुसती गोळी घेण्यात अर्थ नाही.

गुडघ्याच्या झिजेत डॉक्टर ४ आठवड्यांची मुदत देतात असे धरा. चार आठवड्यांनी जिना उतरणे सोपे झाले नसेल तर बंद. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू केले नसतील तर गोळीला दोष देण्यातही अर्थ नाही.

थोडे गॅस होणे, शौच सैल होणे चालते. डॉक्टरांना विचारून मात्रा कमी केली की बहुधा थांबते. पुढील लक्षणे दिसली तर मात्र वाट पाहायची नाही, गोळी तिथेच बंद करून डॉक्टरकडे जायचे: अंगावर गांधी, ओठ किंवा चेहरा सुजणे, घरघर, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मार न लागता काळेनिळे डाग, काळी शी, नव्याने खोकला आणि ताप. जाताना पट्टी सोबत न्या, "लाल रंगाची गोळी" या वर्णनावरून कुणाला काही कळत नाही. औषधाचा असा त्रास १८००-१८०-३०२४ या सरकारी निःशुल्क क्रमांकावर स्वतः कळवता येतो.

उरलेल्या गोळ्या शेजारी देऊ नका. त्यांच्या घरी रक्त पातळ करणारी कोणती गोळी चालू आहे, ते तुम्हाला माहीत नसते.